मावशी, ते सात चिंचोके अजून माझ्याकडे आहेत

प्रिय मावशी,

हे पत्र तुझी नात आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आली की मोबाईलवर वाचून दाखवेल. आधी मी तुम्ही तुम्ही करायचे, तर तूच म्हणालीस "तुमी काय करतंस, मी काय सरकारी बाई हाय का", म्हणून तू. तुझं नाव आणि वाडीचं नाव लिहीत नाहीये, तू नको म्हणाली होतीस. पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण माझ्या एमएच्या डेझर्टेशनमध्ये आभाराच्या पानावर तुझ्या वाट्याला दोनच ओळी आल्या आणि ते मला तेव्हापासून खटकतंय.

मानववंशशास्त्राचं एमए करताना फील्डवर्क असतंच, ते सेमिस्टरच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरतं, आणि मी जानेवारीच्या शेवटी आले तर अर्धी वाडी बंद. दारांना कुलपं, बाहेर म्हातारी माणसं नि कोंबड्या. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात हे मी वाचलेलं होतं, तरी तारखा बदलल्या नव्हत्या. मला रडू यायला लागलं. तू पाणी दिलंस, म्हणालीस माणसं बघायचीत ना, मग भट्टीवर चल, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं काम टाकून माझ्याबरोबर टमटममध्ये बसलीस. तू नसतीस तर तिथे माझ्याशी कोण बोललं असतं? हजार विटांमागे पैसे मिळतात, त्यातून उचल फिटायची असते, तिथे हात थांबवून उत्तरं देणं म्हणजे नुकसान. तू त्यांना सांगितलंस, आपलीच पोर हाय, आणि मला सांगितलंस की विटा उलटत उलटत विचार. मी तसंच केलं.

पण खरे आभार मानायचेत ते त्या दुपारचे. तू ओट्यावर चिंचा फोडत होतीस आणि मी तुझ्या घराण्याचा चार्ट काढत होते, पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन रेघा, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने ही वंशावळीची पद्धत १९१० मध्ये मांडली आणि आम्ही अजून तीच शिकतो, आपल्याकडे इरावतीबाई कर्व्यांनी नातेसंबंधांवर एवढं काम केलं ते पण मी पाठ करून आले होते. मी विचारलं मुलं किती, तू म्हणालीस चार. मी चार खुणा केल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेले. तू कागदाकडे बघत राहिलीस. मग फोडलेल्या चिंचेतले चिंचोके घेऊन जमिनीवर चार मांडलेस, हात तसाच ठेवलास थोडा वेळ, आणि बाजूला अजून तीन मांडलेस.

"ही पन माझीच. तू हायेत त्यांचंच इचारलंस."

त्यातली एक भट्टीवरच गेली, तापाने, ती अजून बसायला पण लागली नव्हती, हे तू चिंचा फोडता फोडताच सांगितलंस. मला काय बोलावं सुचेना, मी फक्त तीन खुणा काढल्या, तिन्हींवर रेघ मारली, आणि तू म्हणालीस आता बरोबर. त्यानंतर मी झालेल्या सगळ्या घरांमध्ये परत गेले, भट्टीवर पण, आणि प्रश्न बदलून विचारला, पोटी किती आली. जवळजवळ प्रत्येक चार्ट बदलला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडम सगळ्यात जास्त वेळ त्याच पानांवर थांबल्या, हा प्रश्न कुठून सुचला विचारलं, मी सांगितलं मावशीने शिकवलं.

दिवाळीच्या आधी येतेय, सगळे भट्टीवर जायच्या आत. चार्ट मोठा प्रिंट करून आणते, सुनेला तिच्या माहेरची माणसं पण त्यात घालायचीत ना, जागा सोडलीय.

तुझी,
पुण्याची पोर