गावठाणालगतच्या तुमच्या जागेबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर हा विषय नेहमी अर्धवट राहतो, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. ओढ्याच्या अलीकडे गावठाणाला लागून तुमची जागा कधीची पडीक आहे. तिच्याविषयी तुझ्याशी आणि अण्णांशी बोलायचं आहे.

तू गाव सोडलंस तेव्हाचं गावठाण आजही तेवढंच आहे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, एका घरात तीन-तीन चुली झाल्या, जागा मात्र वाढली नाही. आपल्या वर्गातल्या एकीचं सांगतो, नाव लिहीत नाही, तू ओळखशील. नवरा गेल्यापासून ती दोन मुलींना घेऊन दिराच्या पडवीत राहते. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा. पावसाळ्यात मुलींची दप्तरं धान्याच्या कोठीवर ठेवते, कारण तेवढीच जागा कोरडी राहते. घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं, आयाबायांनी कौतुक केलं. मग ग्रामपंचायतीत नमुना ८ चा, म्हणजे घरजागेच्या नोंदीचा उतारा मागितला, आणि तिथेच सगळं अडलं. गावात तिच्या नावावर वीतभर जागा नाही. अशी आणखी तीन घरं आहेत.

पंतप्रधान आवास योजनेतून आपल्याकडे सपाटीच्या भागात १ लाख २० हजार मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. एवढ्यात घर पुरं होत नाही, लोक उसनवारी करतात, तरी घर उभं राहतं. पण हप्ते बांधकाम चढेल तसे येतात. पाया खणायलाच जमीन नसेल तर पैसे मंजूर होऊन काय उपयोग? जागा घ्यायलाही पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला १ लाखापर्यंत मदत देणारी. अडचण अशी की विकणारा कुणी नाही. गावालगत ज्यांची जमीन आहे ते प्लॉट पाडून बाहेरच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेत. मला हे फार लागतं रे. ज्यांनी आपली घरं बांधायला विटा वाहिल्या, त्यांनाच गावात भिंत घालायला जागा नाही.

अंगणवाडी अजून देवळाच्या सभामंडपात भरते. सप्ताह बसला की पोरं घरी, आणि सेविकाबाई खिचडीचं पातेलं घेऊन दारोदार फिरतात. इमारत मागायची तर आधी ग्रामपंचायतीच्या नावावर जागा दाखवावी लागते. म्हणजे गाठ पुन्हा तीच. स्मशानभूमीला शेड नाही, आजारी माणसाला बसायला बाक असलेली खोली नाही. पण ते सगळं एका पत्रात नको.

माझं मागणं स्पष्ट लिहितो. त्या जागेतून चार घरांपुरती जागा योजनेच्या रकमेत विकावी, आणि दोन गुंठे अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीला बक्षीसपत्राने द्यावेत. पहिला व्यवहार फुकटाचा नाही, दुसरा आहे, आणि तो मागताना मला संकोच वाटत नाही. अण्णा तुकडेबंदीचं काढतील, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकता येत नाहीत तो कायदा. घरकुलासाठी त्यात वाट आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने १००० चौरस फुटांपर्यंतची खरेदी होते. तालुक्याला खेटे घालायचे ते मी घालतो, तुला फक्त सहीला यावं लागेल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे, त्याआधी तुझं उत्तर हवं. अण्णा नको म्हणाले तरी मोकळेपणाने कळव, मी रागावणार नाही. मग सरकारी जागेची मागणी करू, पण त्यात किती पावसाळे जातील सांगता येत नाही.

सातबारा नव्याने काढ आणि आजोबांनंतर तुमच्या सगळ्यांची वारसनोंद झाली आहे का ते आधी बघ. आत्याचं नाव राहिलं असेल, तर तिलाही आत्ताच विचारून घे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच