रात्री अकरा वाजता दवाखान्याचे पान काय सांगते?

महोदय,

मुंबईत प्राण्यांच्या लहानमोठ्या दवाखान्यांची इन्स्टाग्राम पाने आता गल्लोगल्ली झाली आहेत. वाढदिवसाची टोपी घातलेला लॅब्रॅडोर, आंघोळीनंतरचा शित्झू, गाण्यावर नाचणारे कर्मचारी असे तिथे बरेच काही दिसते. पण घरच्या कुत्र्याने उंदीर मारायचे औषध खाल्ले आहे आणि रात्रीचे अकरा वाजलेत, अशा वेळी हवी असलेली एकच गोष्ट तिथे सापडत नाही: या क्षणी दवाखान्यात डॉक्टर आहेत का? दवाखान्यांच्या समाजमाध्यमांचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी आणि ते करवून घेणाऱ्या डॉक्टरांनी सुरुवात इथूनच केली पाहिजे.

रीलच्या आधी गुगल मॅपवरची नोंद नीट करावी. तिथे मुख्य प्रकार ‘पशुवैद्य’ असा निवडायचा असतो. खाद्य आणि पट्टे विकणारे काही दवाखाने ‘पेट शॉप’ निवडून मोकळे होतात आणि डॉक्टर शोधणाऱ्याला दिसतच नाहीत. दुपारी दवाखाना बंद असेल तर सकाळची आणि संध्याकाळची वेळ वेगळी भरता येते. नुसते ‘१० ते ९’ लिहिले की मे महिन्यात भर दुपारी अडीचला कोणीतरी पग घेऊन बंद शटरपुढे उभे राहते. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्माघात व्हायला तेवढा वेळ पुरतो. होळी, अनंत चतुर्दशी, लक्ष्मीपूजन या दिवसांच्या बदललेल्या वेळा आठवडाभर आधी भराव्यात. पत्त्यात स्टेशन पूर्व की पश्चिम, कोणती गल्ली, तळमजला की जिना, हे हवेच. मॅपवरची पिन उड्डाणपुलाच्या भलत्या बाजूला पडली असेल तर रिक्षा पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत येते, म्हणून त्या पिनवर कर्मचाऱ्याने एकदा स्वतः चालत जाऊन बघावे. मुसळधार पावसात दवाखान्याकडचा रस्ता पाण्याखाली असेल तर तेही सकाळीच स्टोरीवर टाकावे.

‘२४ तास’ हे शब्द पशुवैद्य रात्रभर इमारतीत हजर असतील तरच वापरावेत. डॉक्टर फोनवर उपलब्ध असतील तर तसे लिहा आणि पोचायला साधारण किती मिनिटे लागतात तेही लिहा. एक्स-रे, ऑक्सिजन, रक्ततपासणी यांपैकी रात्री काय चालू असते, हेही एका ओळीत सांगता येते.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये बंद वेळेत आपोआप जाणारा मेसेज ठेवता येतो. बहुतेक ठिकाणी तिथे ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ एवढेच असते. तिथे असे काही हवे: ‘दवाखाना सकाळी १० वाजता उघडेल. श्वास लागणे, फिट, रक्तस्राव, विष खाल्ल्याची शंका, लघवी अडकणे यांपैकी काही असेल तर मेसेजच्या उत्तराची वाट पाहू नका, या क्रमांकावर फोन करा. माणसांची कोणतीही गोळी देऊ नका.’ शेवटच्या वाक्याला कारण आहे. पॅरासिटामॉलची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि ती घरोघरी असते. रात्रीसाठी दुसऱ्या रुग्णालयाचा क्रमांक देत असाल तर दर महिन्याला तो स्वतः लावून पाहा.

व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवायची सोय) २५६ जण बसतात, आणि ज्यांनी दवाखान्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून केसपेपर काढतानाच क्रमांक जतन करायला सांगावे. ग्रुप काढू नये. त्यात प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो.

आता मजकुराविषयी. मुंबईतल्या प्राण्यांचे वर्ष पावसाभोवती फिरते आणि पोस्ट नेहमी उशिरा पडतात. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. त्याची लस पहिल्यांदा घेणाऱ्या कुत्र्याला तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. जूनमध्ये पाणी तुंबल्यावर पोस्ट टाकली तर दुसरा डोस जुलैत जातो. ही पोस्ट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हवी. फटाक्यांचेही तसेच. आवाजाची भीती कमी करण्याचा सराव काही आठवडे चालतो आणि शांत ठेवणारे औषध तपासल्याशिवाय देता येत नाही, म्हणून नवरात्रातच सांगायला हवे. ढोलताशांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी श्रावणात. पिल्लांच्या लशींची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यात, हे वर्षभर पुन्हा पुन्हा सांगावे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला नुसते पोस्टर नको. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच रुग्णालय गाठायचे, हे धुऊन दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हवा.

सगळ्यात उपयोगी व्हिडिओ लक्षणांचे असतात. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, पण लघवीचा थेंब येत नाही; घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले. मूत्रमार्ग अडकलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. हे ज्याने एकदा पाहिले तो पुढच्या वेळी सकाळची वाट पाहणार नाही. हिरड्या पांढऱ्या पडणे कसे ओळखायचे, हेही असेच दाखवावे. आणि हे मराठीत हवे. कुत्र्याला फिरवायला नेणारा मुलगा, दुपारी घरी असलेल्या आजी, कामाला येणाऱ्या मावशी यांना लक्षण सगळ्यांत आधी दिसते आणि आपली पाने मात्र बहुतांशी इंग्रजीत बोलतात. लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहणारेच जास्त, म्हणून शब्द पडद्यावर टाका. पण अगदी तळाशी नको, तिथे खात्याचे नाव आणि पोस्टखालचा मजकूर त्यांना झाकतो.

फोटोंच्या बाबतीत हलगर्जी फार होते. केसपेपरवरच ‘फोटो वापरायला संमती आहे / नाही’ अशी ओळ आणि सहीची जागा ठेवावी, मागितल्यास फोटो काढून टाकावा. पट्ट्याच्या बिल्ल्यावरचा फोन क्रमांक आणि मागच्या टेबलावरचा केसपेपर फोटोत येतोच, तो तपासावा. देशी पोपट किंवा स्टार कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘आजचा गोंडस पेशंट’ म्हणून असा फोटो टाकण्याचा अर्थ काय होतो, हे रिसेप्शनवरच्या मुलीला कोणी सांगितलेले नसते. भुलीतून बाहेर येणाऱ्या, झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्यावर विनोदी गाणे लावू नये. तो प्राणी तेव्हा गोंधळलेला असतो. ‘मुंबईत नंबर एक’, ‘शंभर टक्के बरे’ असली वाक्ये तर टाकूच नयेत. नोंदणीकृत पशुवैद्यांसाठी १९९२ ची आचारसंहिता आहे. ती एजन्सीला पहिल्याच बैठकीत वाचायला द्यावी.

लशीची आठवण करून देणारे मेसेज आपोआप जातात. प्राणी गेला त्याच दिवशी नोंद बंद केली नाही तर तीन महिन्यांनी ‘ब्रूनोच्या लशीची वेळ झाली!’ असा मेसेज त्या घरी पोचतो. याहून मोठे दुःख एका मेसेजने देता येत नाही. ती नोंद बंद करणे हे ठरावीक एका कर्मचाऱ्याचे काम असावे. रिव्ह्यू मागायचा तर प्राणी बरा होऊन घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मागावा. त्याबदल्यात सवलत देणे गुगलच्या नियमांत बसत नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना ‘तुम्हीच उशिरा आणले’ असे लिहून मालकाची माहिती चव्हाट्यावर मांडू नये. फोन करावा आणि खाली दोन सभ्य ओळी लिहाव्यात.

पैसे देऊन जाहिरात करण्याची पाळी यानंतरची. पोस्टखालचे ‘बूस्ट’चे बटण दाबण्याऐवजी इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती लावायच्या अॅड्स मॅनेजरमध्ये दवाखान्याभोवती तीन-चार किलोमीटरचे वर्तुळ घ्या आणि रेल्वेपलीकडचा भाग वगळा, कारण संध्याकाळी आजारी मांजर घेऊन फाटक किंवा पूल ओलांडून कोणी येत नाही. दादर, अंधेरीसारख्या ठिकाणी नुकतेच येऊन गेलेले प्रवासीही त्या वर्तुळात मोजले जातात, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवा. लाइक किती आले यापेक्षा गुगलच्या नोंदीतून किती फोन आणि किती जणांनी रस्ता विचारला ते पाहा, आणि केसपेपरवर ‘दवाखाना कुठून कळला?’ हा एक रकाना घाला. तो रोज भरला गेला तर दोन महिन्यांत कळेल की पैसे कशावर घालायचे.

आपले विश्वासू,
दवाखान्यांच्या समाजमाध्यमांचे काम करणारे काही वाचक, मुंबई