शेवटी प्रभूचे नाव आठवले नाही तर?

डोर्ड्रेख्ट, नेदरलँड्स
रविवार, रात्री

प्रिय बाबा,

प्रभू येशूच्या नावाने तुम्हाला, आईला आणि आजीला सलाम.

तुमचे पत्र बुधवारी हाती आले आणि तेव्हापासून रोज ड्यूटीवरून परतल्यावर ते पुन्हा काढून वाचते आहे. आजीचा प्रश्न तुम्ही तिच्याच शब्दांत लिहिलात, हे फार बरे केले. “शेवटच्या घटकेला मला प्रभूचे नावच आठवले नाही, तर तो मला ओळखील का?” कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, बाहेरून आलेल्या उपदेशकांनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय घेऊन तारण, म्हणजे ख्रिस्तात मिळालेली पापापासूनची सुटका, गमावण्याविषयी तासभर सांगितले, शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल हे मत्तयातील वचन त्याला जोडले, आणि त्या दिवसापासून आजी रात्री उठून बसते, प्रभूची प्रार्थना म्हणून पाहते व मध्येच अडली की रडते, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. जिने मला मांडीवर बसवून तेविसावे स्तोत्र पाठ करून घेतले, तिला आज त्याच स्तोत्राची चौथी ओळ सापडत नाही आणि त्यावरून आपले तारणच सुटले असे तिला वाटते. तुम्ही लिहिले आहे की तिची समजूत काढता येईल, पण तुम्हाला स्वतःला पटेल असे उत्तर हवे, नुसता धीर नको. म्हणून सविस्तर लिहिते.

मी ज्या गावात राहते त्याच गावात या प्रश्नावर एकेकाळी सहा महिने सभा चालली होती, हे तुम्हाला मागे एकदा सांगितले होते. १३ नोव्हेंबर १६१८ रोजी डोर्ड्रेख्टची धर्मसभा सुरू झाली आणि २९ मे १६१९ रोजी, १८० बैठकांनंतर, संपली. इंग्लंड, जर्मन संस्थाने, स्वित्झर्लंड येथूनही प्रतिनिधी आले होते. ती भरली ती इमारत आज उभी नाही, पण सभेचा निर्णय ज्या मोठ्या चर्चमध्ये लोकांसमोर जाहीर झाला ते नदीकाठी अजून आहे, आणि कामावर जाताना त्याचा अपुरा राहिलेला, किंचित कललेला मनोरा मला रोज दिसतो. वाद मुळात लायडन येथील प्राध्यापक आर्मिनियस यांच्या शिकवणीवरून पेटला. ते १६०९ मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मताच्या चाळीसहून अधिक पाळकांनी पाच कलमांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातले पाचवे कलम नेमके आपल्या प्रश्नाचे होते. खरा विश्वासणारा आपल्या हलगर्जीपणामुळे ख्रिस्तापासून पुन्हा दूर जाऊ शकतो का, हे पवित्र शास्त्रातून अधिक नीट तपासल्यावाचून आम्ही खात्रीने शिकवू शकत नाही, एवढेच त्या वेळी त्यांनी म्हटले होते. मला त्यांच्या या थांबण्याबद्दल आदर वाटतो. पुढे वाद वाढत गेला, आणि सभेसमोर येईपर्यंत, विश्वासणारा पूर्णपणे पतन पावू शकतो, असे ते उघड म्हणू लागले.

सभेने उलट निर्णय दिला. देवाने ज्यांना आपले केले त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. त्या निर्णयाबरोबर जे घडले तेही तुमच्यापासून लपवू नये असे वाटते. निवेदन करणाऱ्यांना १४ जानेवारी १६१९ रोजी सभेतून घालवून देण्यात आले, पुढे सुमारे २०० पाळकांची पदे गेली, अनेकांना देश सोडावा लागला, आणि त्यांना राजकीय आधार देणारे एकाहत्तर वर्षांचे ओल्डेनबार्नेफेल्ट यांचा १३ मे रोजी हेग येथे शिरच्छेद झाला. सांत्वनासाठी असलेली शिकवण सत्तेच्या जोरावर लादली गेली, याचे मला मनापासून दुःख आहे. तरीही शिकवण खरी की खोटी हे तिच्या पाठीराख्यांच्या वागणुकीवरून ठरवता येणार नाही. ती शास्त्रावरूनच पारखावी लागेल.

सभेच्या लेखी निर्णयाचे पाचवे प्रकरण मी सावकाश वाचले तेव्हा मला सर्वांत आश्चर्य वाटले ते त्यातल्या प्रामाणिकपणाचे. “एकदा तारण झाले की झाले, आता कसेही वागा” असे तिथे कुठेही नाही. दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊन ते सांगते की विश्वासणारे भयंकर पापांत पडू शकतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात, त्यांचा विवेक घायाळ होतो आणि देवाच्या कृपेची जाणीव काही काळ त्यांच्यापासून निघूनही जाते. बाबा, जाणीव जाते असे म्हटले आहे, कृपा जाते असे नाही. पुढे एका कलमात असेही कबूल केले आहे की विश्वासणाऱ्यांना या जीवनात शंकांशी झगडावे लागते आणि कठीण परीक्षेत ही खात्री नेहमी जाणवत नाही. जिला खात्री जाणवत नाही ती परकी झाली, असे इतक्या कडक म्हणवल्या जाणाऱ्या सभेनेही म्हटलेले नाही.

तुम्ही वर्गात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय शिकवीत असा. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते, त्याची पकड सुटली तर ते पडते. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांच्या परंपरेत शरणागतीविषयी हा वाद झाला, आणि आपल्याकडचा वाद मला याच दोन चित्रांत सर्वांत स्पष्ट दिसतो. आजीला आपण माकडाचे पिल्लू आहोत असे सांगितले गेले आहे, आणि तिच्या हातांतले बळ तर आता जाते आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात मात्र प्रभू मेंढरांच्या पकडीविषयी एक शब्दही बोलत नाही. माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही, असे तो म्हणतो, आणि लगेच दुसरा हात दाखवतो: पित्याच्या हातातूनही कोणी घेऊ शकत नाही. मूळ ग्रीक भाषेत त्यांचा नाश होणार नाही हे सांगताना दुहेरी नकार आला आहे, नकार याहून ठामपणे त्या भाषेत सांगता येत नाही.

पण मांजरीचे चित्र सगळीकडे लागू पडत नाही, हे तुम्ही लगेच म्हणाल, आणि ते खरे आहे. पिल्लू लोळागोळा होऊन लटकते. आपल्याला मात्र धावायला, जागे राहायला, भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगितले आहे. फिलिप्पैकरांस पत्रातल्या त्या वाक्याचा पुढचा भाग पाळकसाहेब नेहमी जोडून वाचत: कारण इच्छा करणे आणि कृती करणे ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे. आपण धरतो, कारण त्याने आपल्याला धरले आहे.

आता इब्री सहावा अध्याय. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य आहे, ही वचने कठीण आहेत आणि ती सौम्य करून सांगणे मला मान्य नाही. आपल्या मेथडिस्ट नातेवाइकांकडे त्यांचा अर्थ सरळ घेतात. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्ली यांच्या परंपरेत खरा विश्वासणाराही पडून नाश पावू शकतो असे शिकवले जाते, आणि वसईच्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे प्राणघातक पापाने कृपा जाते व पापनिवेदनाच्या संस्कारातून ती पुन्हा मिळते असे मानतात. हे सगळे शास्त्र वाचणारे, प्रार्थना करणारे लोक आहेत. आपल्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, पुढे १९७० मध्ये आपली मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, आणि आज एकाच बाकावर निरनिराळ्या परंपरांची माणसे बसतात. त्यामुळे उपदेशकांना खोटे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. पण ते जिथे थांबले तिथे थांबायला नको होते. तीनच वचनांनंतर लेखक त्याच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची आहे असे सांगतो. आणि अध्यायाच्या शेवटी आशेला तो जिवाचा नांगर म्हणतो, स्थिर आणि मजबूत, पडद्याच्या आतपर्यंत पोहोचणारा. इथे तीन नद्या एकत्र येतात आणि मोठमोठी जहाजे नांगर टाकून उभी असतात. नांगर कुणाला दिसत नाही, तो खाली गाळात असतो. जहाजावरचा खलाशी झोपला तरी जहाज वाहून जात नाही.

मग इशारे कशासाठी? डोर्ड्रेख्टच्या सभेने दिलेले उत्तर मला पटते: देव आपले काम वचनाच्या ऐकण्याने, उपदेशाने, धमकीने आणि अभिवचनाने पुरे करतो. इशारा हेच राखण्याचे साधन आहे. घाटात ‘पुढे धोकादायक वळण’ अशी पाटी लावलेली असते, ती गाडी दरीत जावी म्हणून नव्हे. इब्री पत्राचे वाचक छळाला कंटाळून ख्रिस्ताला जाणूनबुजून सोडण्याच्या बेतात होते, आणि इशारा त्यांना होता. जो माणूस बेफिकीर आहे, ज्याला आपण तारलेले आहोत म्हणून पाप करायला हरकत नाही असे वाटते, त्याला हा अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा. मध्यरात्री उठून प्रभूची प्रार्थना आठवू पाहणाऱ्या म्हातारीला तो वाचून दाखवणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देणे आहे. नर्स म्हणून मला ती चूक फार गंभीर वाटते.

आजीच्या बाबतीत तर पतनाचा प्रश्नच येत नाही. विसरणे आणि नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभूच्या अटकेच्या रात्री त्याला नाकारणारा पेत्रसुद्धा त्याच्या हातातून सुटला नाही, कारण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, असे प्रभूने त्याला आधीच सांगितले होते. लूकने त्या रात्रीचा क्रम कसा लिहिला आहे ते पाहा. कोंबडा आरवला, प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले, आणि मग पेत्राला आठवले. आठवण नंतर आली, प्रभूची नजर तिच्या आधी वळली होती.

मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या एक बाई आहेत. पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, सकाळी जेवण झाले की नाही ते सांगता येत नाही. पण रविवारी दुपारी हॉलमध्ये स्तोत्रे सुरू झाली की त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत गातात, जुन्या चालीवर, एकही शब्द न चुकता. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी आनंदाने रडले आणि ‘हा पाहा पुरावा’ असे मला वाटले. नंतर त्यांच्या शेजारच्या खोलीतले आजोबा पाहिले. तेही आयुष्यभर चर्चला जाणारे, पण आता स्तोत्र लागले तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही. मी त्या बाईंच्या गाण्यावर माझी खात्री उभी केली, तर या आजोबांना मी काय सांगू? म्हणून मी ठरवले की गाणे ही भेट समजायची, आधार समजायचा नाही. इथल्या जुन्या मंडळींना १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे पहिले उत्तर पाठ असते: जगण्यात आणि मरण्यात माझे एकमेव सांत्वन हे की मी माझी नाही, शरीराने आणि जिवाने मी माझा विश्वासू तारणारा येशू ख्रिस्त याची आहे. त्या आजोबांचा हात पुसताना मी ते त्यांच्यासाठी म्हणते. माल कोणाचा हे मालाला सांगता आले नाही, तरी मालक बदलत नाही.

बाबा, तीन गोष्टींची विनंती करते. आजीला “म्हण बघू” असे कोणी म्हणू नये, अगदी प्रेमानेसुद्धा नाही, कारण तिला ती परीक्षा वाटते. ती अडली की तुम्ही किंवा आईने पुढचा शब्द शांतपणे म्हणावा आणि पुढे जावे; मंडळीत आपण एकमेकांच्या आवाजावरच तर म्हणत आलो आहोत. दुसरे, पाळकसाहेबांना घरी येऊन तिला प्रभुभोजन द्यायला सांगा. ‘तुझ्यासाठी दिलेले’ हे शब्द तिने बाहेरून ऐकावेत, आतून शोधत बसू नये. आणि रात्री ती उठून बसली तर इब्री नको, यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय वाचा, पंधरावे आणि सोळावे वचन: आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, पाहा, मी तुला माझ्या तळहातांवर कोरले आहे. वाचताना तिचा तळहात तुमच्या हातात घ्या.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल मरण, जीवन, वर्तमान, भविष्य अशी एकेक नावे घेत जातो आणि यांपैकी काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे म्हणतो. त्यात विसरभोळेपण नाव घेऊन आलेले नाही, पण ‘दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू’ असे शेवटी आले आहे, आणि थकत चाललेला मेंदू ही सृष्ट वस्तूच आहे.

पुढच्या शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की फोन करीन. आजीला फोनवर काही आठवायला लावणार नाही. तिने माझ्या लहानपणी केले तसे मीच तेविसावे स्तोत्र म्हणेन, आणि तिने फक्त ऐकावे.

तुमची लेक