फक्त बोलण्याचे रिचार्ज, तेही एकरकमी!

मोबाइलवर इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणा, असा आदेश 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, डिसेंबर 2024 मध्ये दिला. महिन्याभरात पॅक आलेही. पण मोठ्या खासगी कंपन्यांनी ते काढले 84 दिवसांचे किंवा जवळपास वर्षभराचे. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींकडे बटणांचा फोन आहे. मुलीचा फोन यावा, एवढीच त्यांची गरज. त्यांनी चार-पाचशे रुपये एकदम कुठून काढायचे? महिन्याचा पॅक मागितला की दुकानदार डेटावालाच गळ्यात मारतो. त्याचा तरी काय दोष, त्याच्याकडे दुसरा नसतोच. आणि 'महिना' म्हणजे बहुतेकदा 28 दिवस, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज!

2016 पूर्वी बाजारात दहाएक कंपन्या होत्या, आता खासगी तीनच उरल्या. जुलै 2024 मध्ये तिघींनीही जेमतेम एका दिवसाच्या अंतराने दर वाढवले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय 2011 पासून आहे खरी, पण जायचे कुठे? बीएसएनएल स्वस्त, पण रेंज मिळेल तिथेच. 'ट्राय'ने निदान 30 दिवसांचा बिनडेटा पॅक सक्तीचा करावा.

– एक वाचक, बार्शी