गुरुजींच्या फोटोला हार घालता, मग त्यांच्या कागदांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ जूनला साने गुरुजींच्या फोटोला हार, २४ डिसेंबरला परत हार, आणि मधल्या दिवसांत कोणी विचारत नाही की त्यांच्या हातची पत्रं, वह्या, ज्याच्या त्याच्या घरात जे काय उरलंय त्याचं पुढे काय होणार. मी अभ्यासक वगैरे नाही, माझा धंदा झेरॉक्स, स्कॅनिंग आणि बाइंडिंगचा. पण जुना कागद रोज हातात येतो आणि लोक त्याचं काय करतात ते बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

नाशिकला हे जरा जास्तच लागू होतं, कारण 'श्यामची आई' इथल्या जेलमध्ये लिहिली गेली, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. त्यातल्या ३६ रात्री (या पुस्तकात प्रकरणाला 'रात्र' म्हणतात) आत लिहिल्या आणि उरलेल्या थोड्या बाहेर आल्यावर. आता छापील पुस्तकात हा सांधा कुठे दिसतो का सांगा? नाही दिसत, सगळं एकाच टायपात एकसारखं. हस्तलिखितात दिसतं. कुठे हात भरभर चालला, कुठे ओळ खोडून दुसरी घातली, कुठे शाई बदलली, हे सगळं त्या पानावरच असतं आणि पान गेलं की गेलं.

गुरुजी म्हणजे फक्त रडवणारे लेखक असं आपण करून टाकलंय. शाळेत त्यांची प्रार्थना म्हणतच आपण मोठे झालो, पण हा कवी, कादंबरीकार मुळात धर्म मानणारा माणूस होता आणि म्हणूनच पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसला. त्याच्या आधी १९३२ ला धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, १८ अध्याय, १८ रविवार, आणि ते बोलतील तसं उतरवून घेणारे गुरुजीच. टेपरेकॉर्डर नाही काही नाही, आज जे गीता प्रवचनांचं पुस्तक घरोघरी आहे ते या माणसाच्या हाताच्या वेगावर उभं आहे. अमळनेरला तर वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे! असा माणूस किती कागद मागे ठेवून जात असेल विचार करा, आणि पत्रं वेगळीच.

आता माझ्या दुकानातलं. लोक आजोबांना आलेलं कोणाचं तरी जुनं पत्र घेऊन येतात आणि म्हणतात लॅमिनेट करून द्या, टिकेल. अहो नाही टिकत. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की ते परत निघत नाही, आत कागद पिवळा पडत राहतो आणि वरून काही करता येत नाही. मी सरळ नाही म्हणतो, मग समोरच्या दुकानात जाऊन करून घेतात. दुसरा शत्रू सेलोटेप, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरात उतरतो. तिसरी गंजलेली टाचणी. आणि पाकीट तर हमखास फेकून देतात, पत्रावर तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर ती असते हे लक्षातच येत नाही कोणाच्या.

त्यात आपलं शहर म्हणजे गोदेच्या काठचं. २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जुन्या वाड्यांत कागद तळमजल्याच्या ट्रंकेत असतात, दौतीची शाई भिजली की पसरते, वाचायला काही उरत नाही.

समर्थ रामदासांनी टाकळीला असताना वाल्मिकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं, ते आज बघायचं तर धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात जावं लागतं. धुळेकरांनी जपलं म्हणून आहे, त्यांचं कौतुकच, पण लिहिलं इथे आणि जपलं तिथे हे नाशिककरांना कुठेतरी लागायला हवं की नको?

लोक कागद द्यायला घाबरतात हे मला मान्य आहे. दिलेलं परत आलं नाही, पावतीसुद्धा मिळाली नाही, असं सांगणारी गिऱ्हाईकं माझ्याकडे येतात आणि त्यांचं काही चूक नाही. म्हणून मूळ कागद मागूच नका. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून आपल्याकडे आहे, त्यांनी किंवा कुठल्याही वाचनालयाने एक रविवार ठरवावा. लोकांनी आपापली पत्रं आणावीत, समोर बसून रंगीत स्कॅन व्हावीत, पाठची कोरी बाजू आणि पाकीट धरून, आणि कागद घेऊन त्यांनी घरी जावं. कोणाचं पत्र, कोणाला, कुठल्या घरातून आलं याची साधी यादी वहीत पेन्सिलने. पेनने नको, चुकून कागदावर डाग पडतो. एवढी यादी झाली तरी उद्या कोणी पीएचडीवाला आला तर कोणाचं दार वाजवायचं ते त्याला कळेल.

स्कॅनर मी घेऊन येतो, पैसे नकोत. नावं लिहून घ्यायला दोन-तीन जण बसले तरी पुरे, फक्त अक्षर बरं असू द्या.

आपला,
मेनरोडवरचा एक झेरॉक्सवाला, नाशिक