सुट्टीत गप्पा रंगाव्यात, पण आजी-आजोबांना ऐकू यायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत मुले-नातवंडे पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून, कुणाची अमेरिकेहून घरी येतात. दहा-बारा माणसे एका खोलीत जमतात आणि त्यात सर्वांत गप्प बसलेले असतात ते घरातले आजोबा किंवा आजी. 'त्यांना आता कशातच रस राहिला नाही,' असे घरचे म्हणतात. रस पुष्कळ असतो, बोलणे कळत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक घटलेली असते. सुट्टीत मोबाईल बाजूला ठेवा, असे सगळेच सांगतात. त्याच्या जोडीला आजी-आजोबांना बोलणे कळेल अशी सोयही करायला हवी.

वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, थ, फ ही व्यंजने त्याच पट्टीत येतात. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. म्हणून 'आवाज येतो, पण काय म्हणतोस ते कळत नाही' ही तक्रार अगदी खरी असते. ओरडून बोलले की स्वर मोठे होतात, व्यंजने दबलेलीच राहतात, शिवाय बोलणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा एक मीटरच्या आत समोर बसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. आधी हाक मारा, नजर मिळू द्या, विषय सांगा आणि मग नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश बोला. एकदा कळले नाही तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वाक्य बदला: 'सातला निघायचंय' कळले नाही तर 'सकाळी चहा झाला की निघू, सात वाजता'. 'ऐकू आलं का?' असे विचारले की 'हो' येणारच. 'मग कितीला निघायचं?' असे विचारा. आणि 'काही नाही, जाऊ दे' हे उत्तर कधीही देऊ नका. चार वेळा ते ऐकलेला माणूस पाचव्यांदा विचारतच नाही.

बसायची जागा फार महत्त्वाची. आजोबांची पाठ भिंतीकडे हवी, म्हणजे मागून आवाज येत नाही. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडावा; खिडकीकडे पाठ करून बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, मोबाईलमध्ये मान घालून बोलणाऱ्याचेही नाहीत. टीव्ही नुसता बारीक न करता बंद करा. फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात, म्हणून सतरंजी अंथरा, पडदे ओढा. पंगतीत स्टीलच्या ताट-वाट्यांचा खणखणाट श्रवणयंत्रातून, म्हणजे ऐकण्याच्या मशीनमधून, थेट कानात जातो, त्यामुळे महत्त्वाचे बोलणे जेवणाच्या वेळी नकोच. दोघा-तिघांनी सकाळच्या कोवळ्या उन्हात, आजींची पाठ उन्हाकडे ठेवून मारलेल्या गप्पा सर्वांत चांगल्या होतात. अर्ध्या-पाऊण तासाने थोडी विश्रांती द्या. लक्ष देऊन ऐकण्यानेही माणूस दमतो.

थंडीत एक नेहमीची अडचण येते. कानटोपी किंवा मफलर मशीनवर घट्ट बसला की बाहेर पडणारा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारते. शिवाय लोकर घासल्याची खरखर वेगळीच. मग आजोबा मशीन काढून खिशात टाकतात. कानटोपी सैल, विरळ विणीची घ्या किंवा घरात कान मोकळे ठेवून शाल पांघरू द्या. हुरड्याला शेतावर गेलात तर आगटीपाशी वाऱ्याच्या आडोशाची जागा त्यांना द्या. माईकवर वारा आदळला की दुसरे काही ऐकू येत नाही.

मशीनचे सेलही बघून ठेवा. सेलवर चिकटवलेल्या पट्टीच्या रंगावरून नंबर कळतो: पिवळी पट्टी १० नंबरची, तपकिरी ३१२, केशरी १३, निळी ६७५. हे सेल हवेवर चालतात. पट्टी काढल्यावर निदान एक मिनिट उघडा ठेवून मग बसवा, नाहीतर पूर्ण ताकद मिळत नाही. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून उपयोग नसतो, सेल उतरतच राहतो. मशीनवरची लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. रात्री सेलचे दार उघडे ठेवून मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. चांगला सेल घालूनही आवाज येत नसेल तर बहुधा टोकाला मळ अडकलेला असतो. कोरड्या ब्रशने तो काढा. कानातल्या मळासाठी मात्र गरम तेल, कानकोरणे, बड्स काही नको. मळ मऊ व्हायला थेंब काही दिवस घालावे लागतात, तेव्हा पाहुणे यायच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना कान दाखवा.

परदेशातून येणाऱ्या मुलांना विशेष सांगणे आहे. तपासणी न करता आणलेले महागडे मशीन म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. आधी ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण-तपासणीचा आलेख, काढावा लागतो, त्यावर मशीनची जुळणी होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत दोन-तीनदा ती सुधारावी लागते. मेंदूलाही सवय लागते: सुरुवातीला शांत खोलीत रोज दोन-तीन तास, मग हळूहळू जास्त. मशीन पहिल्याच दिवशी भरल्या घरात लावले, गलका सहन झाला नाही आणि मुलगा जानेवारीत परत गेला, की ते कपाटात जाते. तपासणी नोव्हेंबरातच करून घ्यावी. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते.

शेवटी एक तातडीची बाब. एका कानाने एकदम, एका-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर सर्दीने कान बसला असे समजून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यावरच्या औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो, आणि नेमका हाच वेळ 'पाहुणे गेल्यावर बघू' म्हणण्यात निघून जातो.

– एक श्रवणतज्ज्ञ, नाशिक