जुलैत येत नाहीये, त्याचं कारण

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी सांगते. मी जुलैत येत नाहीये, सप्टेंबरात येते. फोनवर सांगितलं असतं तर आईने नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता, बाबांनी "तुझं तू बघ" म्हटलं असतं आणि फोन ठेवल्यावर दोघांनी आपापसात काढलं असतं की या पोरीचं काही खरं नाही. म्हणून पत्र. सावकाश वाचा.

जूनच्या अखेरीस इथल्या, म्हणजे पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या, परीक्षा आटोपतात. त्यानंतर जुलै-ऑगस्ट लिस्बनमधल्या एका भाषांतराच्या कचेरीत उमेदवारी करायची ठरवली आहे. पगार नावालाच आहे, पण हिशेबाची आणि कराची कागदपत्रं हाताखालून जातील, आणि ऑडिटमधली वर्षं आहेतच गाठीला. चौथ्या वर्षी इंग्लंडला परत गेल्यावर मुख्य भर पोर्तुगीजवर द्यायचा, प्रबंधही त्यातच करायचा, असं मनाशी पक्कं केलंय. हे तुम्हाला पटणार नाही याची कल्पना आहे.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, "वर्षभर बाहेर म्हणजे शिक्षण की सहल?" तेव्हा मी हसून विषय बदलला होता. इंग्लंडमध्ये भाषांची पदवी सहसा चार वर्षांची असते ती याच वर्षामुळे. तिसरं वर्ष त्या भाषेच्या देशात काढायचं. तिथल्या विद्यापीठात शिका, शाळेत इंग्रजीचे सहायक व्हा, नाहीतर कुठे काम धरा. माझ्यासारख्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज अशा दोन भाषावाल्यांनी वर्ष दोन देशांत वाटून घ्यायचं, म्हणून आधी स्पेनमधलं सालामांका आणि आता इथे. एका सत्राचे ३० क्रेडिट, वर्षाचे ६०, युरोपभर हाच हिशेब, आणि ते मिळवले नाहीत तर पुढची वाट अडते. फीचं म्हणाल तर परदेशात शिकण्याच्या या वर्षासाठी इंग्लंडमधल्या विद्यापीठाला तिथल्या रहिवासी विद्यार्थ्याकडून नेहमीच्या कमाल फीच्या १५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे फीपुरतं तरी हे सगळ्यांत स्वस्त वर्ष.

आणि गुणपत्रिका पाठवीन तेव्हा दचकू नका. इथे गुण २० पैकी देतात, १० ला पास. स्पेनमध्ये १० पैकी होते, ५ ला पास. आमच्या बाईंनी मला १५ देताना ज्या चेहऱ्याने दिले, त्यावरून मी वर्गात पहिली आले की काय असं क्षणभर वाटलं. तसं काही नव्हतं.

आईचा प्रश्न जास्त अवघड होता. "स्पॅनिश येतंय ना आता? मग तिच्या शेजारची आणखी एक कशाला?" हा प्रश्न मला स्पेनमध्येही लोकांनी विचारला, आणि इंग्लंडमध्ये तर विचारतातच. पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशचं धाकटं भावंड, मोठीचे कपडे घालून फिरणारं, अशी सगळ्यांची समजूत असते. कागदावर ते खरंही वाटतं. सालामांकाहून निघालेली बस फुएन्तेस दे ओन्योरोला सीमा ओलांडून पलीकडच्या विलार फोर्मोसोला शिरली. तिथल्या पाट्या, जाहिराती, वर्तमानपत्रांचे मथळे मी धडाधड वाचत होते. तेवढ्यात ड्रायव्हर आणि शेजारच्या बाई हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले आणि त्यातलं निम्मंसुद्धा माझ्या पदरात पडलं नाही.

कारण साधं आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाच आणि पाचही ठणठणीत, जे लिहिलंय ते बोलायचं. पोर्तुगालचे लोक ज्या स्वरावर जोर नाही तो गिळून टाकतात. लिहितात 'तेलेफोन', ऐकू येतं 'त्लफॉन'. शब्दाच्या शेवटच्या 'स'चा 'श' होतो तो वेगळाच. मला इंग्लंडमध्ये पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाई ब्राझीलच्या. त्यांचे स्वर मोकळे, ऐसपैस, त्यामुळे माझा कान तयार झाला होता तो अटलांटिकच्या पलीकडच्या पोर्तुगीजसाठी. गंमत अशी की पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश बऱ्यापैकी कळतं, उलटं मात्र तितकंसं होत नाही. त्यामुळे मी स्पॅनिशच्या जोरावर इथे निभावून नेलं असतं, लोकांनी समजून घेतलं असतं, आणि मी पोर्तुगीज न शिकताच परतले असते. इथे शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांचं तेच होतं.

त्यात इंग्रजीची भर. स्पेनमध्ये परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करतात, पोर्तुगालमध्ये मूळ आवाज ठेवून खाली अक्षरं देतात. लहानपणापासून कानावर पडल्यामुळे इथल्यांचं इंग्रजी चांगलं असतं, आणि समोरचा अडखळला की ते सौजन्याने इंग्रजीवर येतात. विद्यापीठाजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे प्राध्यापक वाचायची पानं ठेवून जातात. दुकानातल्या काकूंशी मी पोर्तुगीजमध्ये बोलायचे, त्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या. मी पुन्हा पोर्तुगीजमध्ये, त्या पुन्हा इंग्रजीत. मागे रांग, पण दोघीही हटायला तयार नाही. असं काही आठवडे चाललं. मग एक दिवस त्यांनी मान वर न करता पोर्तुगीजमध्ये विचारलं, "मुलीला दोन्ही बाजूंनी हवंय का?" मी आजूबाजूला बघितलं, कुठली मुलगी? तर मीच. केस पिकायला लागलेली मी!

इथे असंच बोलतात, समोरच्याला तिसरा माणूस करून. ब्राझीलमध्ये 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणून सर्रास चालणारं 'वोसे' इथे वडीलधाऱ्यांना म्हटलं तर कानाला खटकतं. मग प्राध्यापकांनाच विचारायचं, "प्राध्यापकांना उद्या वेळ आहे का?" काही घरांत आईवडिलांनाही याच चालीवर, "बाबा कॉफी घेणार का?" माझ्याबरोबरच्या इंग्रज मुलांना याचा घाम फुटतो. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच 'यू', तेव्हा कुणाला काय म्हणायचं याचे तक्ते करून ते पाठ करतात. मला तक्ता लागला नाही. आईला 'तू', बाबांना 'तुम्ही', आणि रुसले की "बाबा जेवणार आहेत की नाही?" हे मी बालवाडीच्या आधीच शिकले होते. वर्गात माझं काही फुकटात जमत असेल तर तेवढंच.

बाबा, तुम्हाला व्याकरणात रस म्हणून एक सांगते. 'मी आले तर', 'तू येशील तेव्हा' अशा अजून न घडलेल्या गोष्टींसाठी जुन्या स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं एक खास रूप होतं. आज ते कायद्याच्या भाषेत आणि चार म्हणींत उरलंय. पोर्तुगीजमध्ये तेच रूप भाजीवालीच्या तोंडी रोज असतं. सालामांकात जुन्या कायद्यांच्या मजकुरात ज्याला मी संग्रहालयातली वस्तू समजून बघत होते, ते इथे बसस्टॉपवर ऐकू येतं. मला याचा इतका आनंद का होतो ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आता पोटापाण्याचं. पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या आसपास, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ब्राझीलची २० कोटींच्या वर, शिवाय अंगोला, मोझांबिक आणि इतर मिळून नऊ देशांत ही राजभाषा आहे. १४९४ मध्ये स्पेनमधल्या तोर्देसियास गावी स्पेन आणि पोर्तुगालने न पाहिलेलं जग नकाशावर रेघ मारून वाटून घेतलं, तिचा हा हिशेब अजून चालू आहे. इंग्लंडमध्ये स्पॅनिश शिकणारे पैशाला पासरी आहेत. पोर्तुगीजच्या वर्गात मात्र आम्ही पुढच्या एका बाकावर मावू, आणि त्यात ताळेबंद वाचता येणारी बहुधा मी एकटी. स्पेनमध्ये अधिकृत भाषांतरकार व्हायचं तर परराष्ट्र मंत्रालयाकडून नेमणूक लागते. पोर्तुगालमध्ये तशी नेमणूक नाही, भाषांतर नोटरी किंवा वकील प्रमाणित करतात. म्हणजे हे काम कसं मिळतं आणि कसं चालतं, ते कचेरीत बसल्याशिवाय कळायचं नाही. जुलै-ऑगस्टचं कारण एवढंच.

आई, तुझ्यासाठी: थंडी गेली. इथल्या बऱ्याच घरांत हीटरची धड सोय नसते, फेब्रुवारीत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठायचं, म्हणून तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर टोपी घालून असायचे. तुला वाटलं तसा ताप नव्हता. वजन उतरलंय ते उपासमारीने नाही, गावातून विद्यापीठात चढायला १२५ पायऱ्यांचा जिना आहे त्याने. जुनं ग्रंथालय बघून आले. तिथे वटवाघळं पाळल्यासारखी आहेत, पुस्तकं खाणारे किडे ती खातात आणि त्यांची घाण पडू नये म्हणून रात्री टेबलांवर चामडं पसरून ठेवतात. तू असतीस तर आत पाऊल टाकलं नसतंस. मे महिन्यात काळे पायघोळ डगले घातलेल्या, गात सुटलेल्या पोरांचे फोटो येतील. तो त्यांचा वर्षअखेरीचा सण असतो, मी काही कुठल्या पंथात गेलेली नाही.

पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे, तेव्हा बाबा, माझ्या फोनसाठी रात्री जागत बसू नका. रविवारी मीच करीन. लिस्बनचं काम ऑगस्टअखेर संपतं, पुढचं वर्ष सप्टेंबर सरताना सुरू होतं, मधले दिवस तुमच्याकडे. तिकीट काढलं की तारीख कळवते. आई, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं तू कधीपासून पुढे ढकलते आहेस. त्यांची वेळ सप्टेंबरातलीच घे, मी बरोबर येते.

तुमची,
मीनू